वाचकांचे प्रश्न : बेघरांना आधी सुधारायचं की आधी घर द्यायचं?

मागच्या अंकात बेघरांसाठीच्या रात्रीच्या निवाऱ्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यात "आधी घर द्या" असं म्हटलं होतं, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. काहींनी कळकळीनं विचारलंय, काहींनी चिडून, आणि चिडून विचारलेलेही मी मुद्दाम घेतलेत कारण तेच प्रश्न बाकीच्यांच्याही मनात असतात, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. बारा वर्षं मी बेघर माणसांबरोबर काम करतेय. जे डोळ्यांनी बघितलं ते आणि जगात जिथे नीट मोजूनमापून काम झालंय तिथलं, असं दोन्ही मिळून लिहितेय. नावं कुणाचीच देत नाही, पत्र लिहिणाऱ्यांची नाही आणि ज्यांच्या गोष्टी सांगतेय त्यांचीही नाही.

प्रश्न : ताई, माझं वय २४. नोकरी गेली, भाडं थकलं, खोली सोडावी लागली. पाच महिने झाले, कधी या मित्राकडे कधी त्या मित्राकडे झोपतो, बॅग कायम भरलेलीच असते. पण मी काही फुटपाथवर नाहीये. मग मी बेघर आहे असं म्हणायचं का? मदत मागायला गेलो तर लोक हसतील असं वाटतं.

उत्तर : नाही हसणार रे, आणि कुणी हसलंच तर चूक त्यांची. हो, तू बेघर आहेस. हे वाचून वाईट वाटेल पण हे मान्य केलंस की पुढचं सोपं जातं. युरोपात बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा एक महासंघ आहे, फेआंत्सा नावाचा, त्यांनी २००५ मध्ये याची एक मांडणी केली आणि ती आता बरीच वापरली जाते. त्यात चार गट आहेत. डोक्यावर छप्परच नाही ते पहिले. निवाऱ्यात किंवा कुठल्या तरी संस्थेत आहेत, म्हणजे छप्पर आहे पण घर नाही, ते दुसरे. तिसरे म्हणजे ज्यांचं राहणं कधीही सुटू शकतं, दुसऱ्याच्या मर्जीवर राहणारे, घर खाली करायची नोटीस आलेले, घरात मारहाण सोसून राहणारे. आणि चौथे, माणसानं राहूच नये अशा जागेत राहणारे. तू तिसऱ्या गटात येतोस.

मोजताना कुणाला बेघर धरतात त्यानं किती फरक पडतो बघ. फिनलंडमध्ये मित्राच्या, नातेवाइकाच्या घरी तात्पुरते राहणारे मोजतात, आणि त्यांच्या आकड्यात सगळ्यात मोठा वाटा याच लोकांचा असतो. जपानचं सरकार बागा, नदीकाठ, स्टेशनं, रस्ते इथे राहणारेच मोजतं, तो आकडा २००३ मध्ये २५,२९६ होता आणि २०२४ मध्ये २,८२० वर आला. ऐकायला किती छान, पण २०१८ मध्ये टोकियो महानगर प्रशासनानंच पाहणी केली तेव्हा एकट्या टोकियोत रोज रात्री अंदाजे ४,००० माणसं घर नाही म्हणून रात्रभर उघड्या असणाऱ्या इंटरनेट कॅफेत झोपतायत असं निघालं. ती रस्त्यावर दिसत नाहीत म्हणून त्या मोजणीत नाहीत, जसा तू नाहीस.

आता कामाचं. थांबू नकोस, याच आठवड्यात जा, कारण रस्त्यावर यायच्या आधी धरलेला माणूस सावरणं सगळ्यात सोपं असतं हे मी खात्रीनं सांगते. इंग्लंडनं तर २०१७ च्या कायद्यात हेच घातलंय, ५६ दिवसांत घर सुटायची शक्यता असेल तर तेव्हाच मदत सुरू करायची जबाबदारी स्थानिक प्रशासनाची. तुझ्याकडे असा कायदा असो नसो, कागदपत्रांच्या कॉपी कुणा एकाकडे ठेव, फोन नंबर काही झालं तरी बंद पडू देऊ नकोस (नोकरीचे फोन त्याच नंबरवर येणारेत), आणि मित्राला "बघू, जातो लवकरच" असं सांगण्यापेक्षा तारीख सांग. मित्र तुटतात ते सोफ्यामुळे नाही, किती दिवस ते माहीत नसतं म्हणून तुटतात.

प्रश्न : मी निवृत्त माणूस आहे, आयुष्यभर कष्ट करून घर उभं केलं. ही माणसं दारू पितात, नशा करतात, काम नको असतं, म्हणून रस्त्यावर येतात. हे सरळ लिहायला तुम्ही का कचरता?

उत्तर : काका, कचरत नाही. दारूपायी घर गेलेली माणसं मला भेटलीत, मानसिक आजारात सगळं हातून निसटलेली भेटलीत. पण रस्त्यावर येईपर्यंत थेंबाला न शिवलेली आणि दुसऱ्या हिवाळ्यात प्यायला लागलेलीही तेवढीच भेटलीत. का प्यायला लागलात असं मी एका आजोबांना विचारलं तर म्हणाले, "झोप लागते आणि लागली की भीती वाटत नाही." आपण त्यांना तिसऱ्या वर्षी बघतो, हातात बाटली दिसते आणि आपण समजतो की गोष्ट इथून सुरू झाली.

आणि काका, नशा हेच मुख्य कारण असतं तर जिथे नशा जास्त तिथे बेघर जास्त दिसायला हवे होते ना? अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात नशेच्या ओव्हरडोसनं मरणाऱ्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं देशात सगळ्यात वरचं राहिलं, तरी तिथे लोकसंख्येच्या मानानं बेघर कमी. कॅलिफोर्नियात उलटं. तिथली माणसं काही जास्त बिघडलेली नाहीत, तिथलं भाडं जास्त आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या व्यसनी माणसाला स्वस्तातली खोली तरी परवडते, किंवा भावाच्या घरात एक जादा खोली असते. म्हणून मी असं म्हणते की कोण बाहेर पडणार हे माणसाच्या अडचणी ठरवतात, पण किती जण बाहेर पडणार हे शहरात परवडणारी घरं किती आहेत त्यावर ठरतं. दोन वेगळे प्रश्न आहेत, आपण पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देतो.

ही घरं गेली कुठे, तेही सांगते. मोठ्या शहरांत पूर्वी एकट्या माणसासाठी छोट्या खोल्या असायच्या, बाथरूम कॉमन, आठवड्याच्या भाड्यावर, फारशी चौकशी नाही. चांगल्या होत्या असं नाही म्हणत, पण मजुराला, म्हाताऱ्याला, जेलमधून सुटलेल्याला तिथे शिरता यायचं. न्यूयॉर्कसारख्या शहरांत दुसऱ्या महायुद्धानंतर या खोल्या हजारोंनी पाडल्या गेल्या किंवा त्यांचे महागडे फ्लॅट झाले, आणि शिडीची सगळ्यात खालची पायरीच काढून टाकली. त्याच काळात मनोरुग्णालयं रिकामी होत होती. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांच्या वर माणसं होती, त्यांना डांबून ठेवायचं नाही हे ठरलं ते बरोबरच होतं, १९६३ मध्ये त्यांच्यासाठी वस्तीजवळ उपचार केंद्रं काढायचा कायदाही झाला, पण ठरलेली केंद्रं पुरेशी उभीच राहिली नाहीत. दरवाजे उघडले आणि बाहेर कुणी उभं नव्हतं.

अजून हेच चाललंय. हॉस्पिटल डिस्चार्ज देतं, जेल सोडतं, अनाथाश्रम १८ पूर्ण झाली की मुलाला निरोप देतं, आणि नवऱ्याचा मार खाऊन बाई दोन पोरांना घेऊन रात्री साडेअकराला बाहेर पडते. सुटका होते ती गेटपर्यंतच, गेटच्या पुढे कुठे जायचं हे कुणाच्याच कागदावर नसतं. काका, तुम्ही कष्टानं घर उभं केलंत त्याबद्दल मला आदर आहे, मनापासून सांगते. पण मी ज्यांच्याबरोबर काम करते त्यातले कितीतरी जण दिवसभर काम करतात. ओझी उचलतात, लग्नात वाढतात, रात्री बांधकामावर राखण करतात. दुसऱ्याच्या घराची राखण करून ते सकाळी फुटपाथवर झोपायला येतात.

प्रश्न : आमच्या भागात निवारा बांधलाय, चांगली दुमजली इमारत आहे. तरी लोक बाहेरच झोपतात. मग त्यांनाच बाहेर राहायचंय असं समजायचं का?

उत्तर : एकदा आत जाऊन बघा आणि मग ठरवा. मी एका बाईंना तीन आठवडे निवाऱ्यात चला चला म्हणत होते, त्या नाहीच म्हणायच्या, आणि मीसुद्धा मनात म्हणत होते की या हट्टी आहेत. मग एका रात्री त्यांनी चादरीची गाठ सोडून दाखवली. आत शिलाई मशीन होतं, पायाचा सांगाडा विकलेला, फक्त वरचं मशीन, त्याला तेल लावून कपड्यात गुंडाळलेलं. निवाऱ्याचा नियम होता की एका माणसाला एकच पिशवी. त्यांच्याकडे कपड्यांची पिशवी आणि हे गाठोडं. "मशीन बाहेर ठेवू आणि मी आत झोपू?" असं त्यांनी मला विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम करणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, जागा कमी असते हे मला माहितीये, पण त्या नियमानं तिचा पुन्हा उभं राहायचा एकमेव मार्ग बाहेर ठेवायला सांगितला होता.

कारणं अशीच असतात, विचारल्याशिवाय न कळणारी. नवरा पुरुषांच्या हॉलमध्ये, बायको बायकांच्या हॉलमध्ये, आणि बारा वर्षांचा मुलगा कुठे? संध्याकाळी सातला दार बंद होतं आणि हॉटेलातलं काम रात्री अकराला सुटतं. कुत्रं आत चालत नाही, आणि गेली चार वर्षं त्या माणसाची राखण त्या कुत्र्यानंच केलेली असते. चोऱ्या होतात. बायकांना त्रास होतो, हे तर लिहायलाच हवं, काही जणींनी मला सांगितलंय की त्या रात्रभर उजेडाच्या रस्त्यावर चालत राहतात आणि दिवसा बसस्टॉपवर बसून झोपतात, म्हणून रात्रीच्या मोजणीत त्या सापडतच नाहीत.

निवारे नकोत असं मी अजिबात म्हणत नाहीये हां. आजची रात्र तर काढायला हवीच. न्यूयॉर्कमध्ये १९७९ मध्ये काही बेघर पुरुषांच्या वतीनं कोर्टात केस झाली आणि १९८१ च्या तडजोडीत शहरानं मान्य केलं की मागेल त्याला झोपायला जागा देऊ. त्यानं जीव वाचले. भारतातही शहरांत एक लाख लोकसंख्येमागे १०० माणसांचा, चोवीस तास उघडा निवारा असावा असा निकष आहे. पण निवाऱ्यात माणूस किती दिवस राहतो तेही बघायला हवं. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातल्या नोंदी तपासून १९९८ मध्ये एक अभ्यास झाला होता, त्यात निघालं की साधारण ८० टक्के लोक थोड्या दिवसांसाठी येतात आणि आपापलं काहीतरी करून जातात, आणि जेमतेम १० टक्के लोक वर्षानुवर्षं तिथेच असतात, पण निवाऱ्याच्या जवळपास निम्म्या रात्री त्याच १० टक्क्यांसाठी खर्च होतात. म्हणजे आपण काही माणसांसाठी तात्पुरत्या खाटेवर कायमचा खर्च करत बसतो.

प्रश्न : "आधी घर द्या" असं तुम्ही लिहिलं होतं. व्यसन सोडलं नाही, काम नाही, आणि सरळ घराची किल्ली? घराची वाट लावतील. हे कुठे खरंच चाललंय का, की नुसतं भाषणात?

उत्तर : चाललंय, आणि शंका यायलाच हवी, मलाही होती. जुनी पद्धत पायऱ्यांची. आधी निवाऱ्यात नीट वाग, मग व्यसन सोड, गोळ्या घे, मग सामायिक खोली, ती सांभाळलीस तर शेवटी घर. आणि मध्ये एकदा पाय घसरला की परत खाली. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं हे उलटं करून बघितलं, अट न घालता आधी साधं भाड्याचं घर, आणि मदत करणारी माणसं त्या घरी येणार. व्यसन सोड असं म्हणायचं नाही असं नव्हतं, पण सोडलं नाही म्हणून घर जाणार नाही एवढं पक्कं. लोक घरात टिकले.

मग कॅनडानं २००९ ते २०१३ मध्ये पाच शहरांत मोठा प्रयोग केला, २,००० च्या वर माणसं, सगळी मानसिक आजार असलेली, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एकाला आधी घर आणि दुसऱ्याला नेहमीची मदत. दोन वर्षांत पहिल्या गटाचा ७३ टक्के काळ पक्क्या घरात गेला, दुसऱ्याचा ३२ टक्के. खर्चाचंही खरं सांगते, प्रत्येक माणसामागे सरकारचे पैसे वाचतात असं नाही निघालं. जे सारखे इमर्जन्सी वॉर्ड, पोलिस कोठडी, ॲम्ब्युलन्स यात फिरत असतात त्यांच्याबाबतीत चांगली बचत झाली, बाकीच्यांच्या बाबतीत खर्चाचा काही भाग निघाला. आणि व्यसन काही जादूनं सुटलं नाही. घर दिल्यानं माणूस बेघर राहत नाही, एवढंच हे सिद्ध करतं, आणि मला विचाराल तर तेवढंच विचारलं होतं.

फिनलंडनं २००८ पासून हे अख्ख्या देशाचं धोरण केलं. हेलसिंकीत साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचा २५० खाटांचा निवारा होता, तो बंद करून तिथेच ८१ छोटी स्वतंत्र घरं केली, खाली मदतीला कर्मचारी. वाय-सेएतिओ नावाची संस्था, १९८५ ला सुरू झालेली, शहरभर साध्या इमारतींत एकेक फ्लॅट विकत घेऊन बेघरांना भाड्यानं देते. फुकट नाही बरं का, स्वतःच्या नावावर करार आणि भाडं, परवडत नसेल तर सरकारी घरभत्ता. १९८७ मध्ये तिथे १८,००० च्या आसपास बेघर होते, २०२३ ला ३,४२९ उरले. पण २०२४ मध्ये आकडा परत ३,८०६ वर गेला, बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा वाढला, आणि त्याच काळात सरकारनं घरभत्त्यात कपात केली होती. हे मी लपवणार नाही, उलट हेच मला सांगायचंय. हे एकदा करून संपणारं काम नाही, पाण्याच्या लाइनसारखं आहे, देखभाल थांबली की गळती सुरू.

आमच्या कामातलं एक सांगते. नऊ वर्षं रस्त्यावर आणि निवाऱ्यात काढलेल्या एका माणसाला खोली मिळाली, मी आणि माझी सहकारी सोबत गेलो होतो. गादी दाखवली, नळ दाखवला. त्यांनी विचारलं, "दिव्याचं बटण कुठलं?" दाखवलं. त्यांनी दिवा बंद केला, चालू केला, परत बंद केला आणि अंधारात तसेच उभे राहिले. मी घाबरले, म्हटलं काका काय झालं. तर म्हणाले, निवाऱ्यात दिवे ऑफिसातून बंद व्हायचे आणि फुटपाथवर तर बंदच होत नाहीत, नऊ वर्षांत मी ठरवलं म्हणून अंधार झाला नव्हता. पहिला आठवडाभर ते गादीवर न झोपता दाराशी जमिनीवर झोपले, बूट घालून. दोनदा प्यायले आणि शेजाऱ्यांची तक्रार आली, आम्ही जाऊन बसलो, बोललो. चौथ्या महिन्यात त्यांनी स्वतःहून दवाखान्याची तारीख घ्यायला सांगितली. आता सहा वर्षं झाली, त्याच खोलीत आहेत. प्यायचं कमी झालंय, बंद नाही.

प्रश्न : रात्री फुटपाथवरून उठवून लावतात, सामान गाडीत टाकून नेतात. हे कायद्यात बसतं का?

उत्तर : कायदा देशोदेशी वेगळा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं जून २०२४ मध्ये सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला की निवाऱ्यात जागा नसली तरी उघड्यावर झोपणाऱ्यांना शहरं दंड करू शकतात. भारताच्या सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्ये फुटपाथवर राहणाऱ्यांच्या केसमध्ये म्हटलं की पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, पण नोटीस देऊन हलवायला परवानगीही दिली. मी एवढंच बघितलंय की त्या गाडीत ओळखपत्र जातं, गोळ्या जातात, कामाच्या ठेकेदाराचा नंबर लिहिलेली वही जाते, आणि मग नवीन ओळखपत्र मिळवण्यात आमचे सहा महिने जातात. माणूस पुढच्या गल्लीत जाऊन झोपतो. सामान नेत असतील तर निदान ते कुठे ठेवलंय याची पावती मागा, शेजारी उभं राहून मागा, चारचौघांसमोर बऱ्याचदा मिळते.

प्रश्न : माझी एक छोटी खोली रिकामी आहे. एक संस्था म्हणते निवाऱ्यातल्या एका बाईंना भाड्यानं द्या. बायको हो म्हणते, मला भीती वाटते. काय करू?

उत्तर : दादा, आलेल्या सगळ्या पत्रांत तुमच्या पत्रानं मला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण एवढं सगळं लिहून शेवटी गाडी इथेच अडते, माणूस तयार असतो, पैशाची सोय झालेली असते आणि खोली मिळत नाही. अमेरिकेत ह्यूस्टन शहरानं २०११ नंतर बेघरांचा आकडा निम्म्याहून खाली आणला, २५,००० हून जास्त माणसांना घरात नेलं, त्यात मोठं काम हेच होतं, डझनावारी संस्थांना एका यादीवर आणायचं आणि घरमालकांशी बोलून तयार घरं मिळवायची.

भीती वाटते ती लपवू नका, संस्थेला सरळ विचारा. भाडं थकलं तर किती महिन्यांची हमी, आणि ती लेखी आहे का? मोडतोड झाली तर कोण भरणार? रात्री काही झालं तर मी कुणाला फोन करू, आणि तो माणूस किती वेळात येतो? त्या बाईंना भेटायला महिन्यातून किती वेळा येणार, की चावी दिली आणि गायब? याची नीट उत्तरं नसतील तर मीच सांगते, थांबा, दुसरी संस्था शोधा, कारण आधाराशिवाय नुसती खोली दिली तर त्या बाईंचंच नुकसान होतं. उत्तरं असतील तर करार बाईंच्याच नावानं करा, संस्थेच्या नको, आणि बाकीच्या भाडेकरूंशी करता तोच करा. त्यांचा भूतकाळ बिल्डिंगमध्ये कुणाला सांगू नका, सांगायचा असेल तर त्या सांगतील. पहिल्या दिवशी नळ, मीटर, कचरा कुठे टाकायचा ते स्वतः दाखवा. आणि खोलीची दुसरी किल्ली तुमच्याकडे राहणार असेल तर ते त्यांना आधीच सांगा, आणि न विचारता ती वापरू नका.